मोगूबाई कुर्डीकरांचं आठ फुटी चित्र: चिऱ्याच्या भिंतीपासून वार्निशपर्यंत

गोव्यातल्या सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे. मे महिन्यात पाणी उतरलं की ते काही दिवस उघडं पडतं. भेगाळलेली जमीन, घरांची जोती, सोमेश्वराचं स्थान. दुसरीकडे वसवलेले गावकरी त्या दिवसांत परत येतात, देवाला नमस्कार करतात, आपल्या घराच्या जागेवर थोडा वेळ उभे राहतात. याच गावात १५ जुलै १९०४ रोजी गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म झाला. गाणं शिकणाऱ्या मुलांना ‘कुर्डीकर’ हे आडनाव पाठ असतं, पण त्यातलं कुर्डी कुठे आणि त्या बाई दिसायच्या कशा, असं विचारलं की मुलं गप्प होतात. एका गावातल्या संगीतवर्गाच्या सभागृहात मी माईंचं, म्हणजे मोगूबाईंचं, आठ फूट उंच आणि सहा फूट रुंद चित्र काढलं, ते या गप्प बसण्यामुळे. त्या कामात जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते. तुमच्या मनात केरीच्या गायिका केसरबाई असतील किंवा तुमच्या वाड्यावरची एखादी शिक्षिका असेल. कृती फारशी बदलत नाही.

१. चेहऱ्याच्या आधी बैठक

पहिलं रेखाटन मी चेहऱ्यापासून सुरू केलं. चेहरा जमला. मग त्याखाली तंबोरा घेतलेलं शरीर बेतून बसवलं आणि तो मोठा कागद वर्गाच्या भिंतीला चिकटवला. जन्मभर पेटीची साथ केलेले गावातले एक आजोबा बघायला आले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाय, तोंड माईचेंच, पूण गावपी अशी बसना गो.” गावपी म्हणजे गाणारी. आणि गुडघे दुखत असतानाही खाली बसून त्यांनी दाखवलं. मांडी पक्की, कंबर सरळ, खांदे मात्र सैल सोडलेले, हनुवटी किंचित आत. माझ्या कागदावरची बाई फोटो काढून घ्यायला बसली होती. आजोबा दाखवत होते ती गायला बसलेली होती. मी कागद उतरवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

वहीच्या पानावर अशी चूक खपून जाते. आठ फुटांवर ती सगळ्यात आधी दिसते. हॉलच्या दारातून आत येणाऱ्याला नाकडोळे दिसत नाहीत. त्याला डोक्याचा कल दिसतो, खांद्यांचा उतार दिसतो, मांडीचा पसरट त्रिकोण आणि तंबोऱ्याची तिरपी रेघ दिसते. माईंना ज्यांनी ऐकलंय ते तेवढ्यावरून ओळखतात, किंवा नाही ओळखत.

म्हणून गाणारीच बसवा. माईंसारखी दिसणारी बाई शोधत बसू नका. साधारण त्या बांध्याची, तंबोरा घेऊन रियाज करणारी कुणी गावात असते. तिला सतरंजीवर बसवा आणि गाऊ द्या. पहिली दहा मिनिटं काही काढू नका, कारण तोवर ती ‘बसलेली’ असते. गाण्यात शिरली की पाठ आपोआप जागेवर येते, आणि तेव्हा पेन्सिल उचला किंवा फोटो घ्या. कॅमेरा खाली, तिच्या छातीच्या पातळीला धरा. उभ्याने काढलेल्या फोटोत डोकं मोठं येतं आणि मांडी आखडते. तोच फोटो आठ फुटांवर नेला की बाई घरंगळतेय असं वाटतं.

मांडी घालून बसलेल्या माणसाची जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची साधारण पावणेचार डोकी भरते. आठ फुटांच्या चित्रात आकृतीला साडेसहा फूट दिले, तर डोकं वीस-एकवीस इंचांचं होतं, म्हणजे खऱ्याच्या दुपटीहून मोठं. एक डोळा जवळजवळ तीन इंचांचा. हे आकडे आधीच कागदावर मांडून ठेवा. शिडीवर चढल्यावर आपला अंदाज हमखास चुकतो.

२. कोणत्या वयाच्या माई?

सगळ्या वयांच्या माई एका चित्रात मावत नाहीत. आई जयश्रीबाईंचं बोट धरून गाण्यात आलेली आणि लहानपणीच आई गमावलेली मुलगी आहे. नाटक मंडळीत काम करणारी पोर आहे. सांगलीत जिचा रियाज अल्लादियाखाँसाहेबांच्या कानावर पडला आणि जिला त्यांनी आपणहून शिकवायला सुरुवात केली, ती तरुण शिष्या आहे. मुंबईत हाल सोसून जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम पुरी करणारी गायिका आहे. मुलीला, किशोरीताई आमोणकरांना, शिकवणारी कडक आई आहे. १९६८ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि १९७४ चं पद्मभूषण मिळालेल्या वडीलधाऱ्या माई आहेत. १० फेब्रुवारी २००१ ला त्या गेल्या तेव्हा शहाण्णव वर्षांच्या होत्या.

मी मध्यमवयाच्या माई निवडल्या. पुरस्कार घेतानाच्या चित्रात शाल आणि श्रीफळ येतं, आणि शाल-श्रीफळात आपल्याकडच्या सगळ्या थोर बायका सारख्याच दिसतात. वर्गातल्या मुलींना मला रियाजाला बसलेली बाई दाखवायची होती.

वय ठरलं की कपडे आणि दागिने ठरतात, आणि इथे मी फार हट्टी आहे. जुन्या काळातली बाई म्हटलं की नथ, भरजरी शालू आणि गळाभर सोनं चढवायची सवय आपल्या चित्रकारांना कॅलेंडरांनी लावलीय. ज्या फोटोत नथ नाही, त्या बाईला नथ घालू नका. लुगडं नऊवारी की पाचवारी, पदर एका खांद्यावर की दोन्ही खांद्यांवरून, कुंकू केवढं, बांगड्या किती, हे प्रत्येक त्या वयाच्या फोटोत बघा आणि घरच्या किंवा शिष्यपरिवारातल्या माणसांना विचारून लिहून ठेवा. कलावंत घराण्यात जन्मलेल्या आणि स्वतःच्या कष्टावर उभ्या राहिलेल्या बाईला आपण आपल्या सोयीची देवी करून टाकायचं, हा तिच्यावर अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

३. फोटो आणि परवानगी

निवडलेल्या वयाचे निदान दोन फोटो हवेत, एक समोरून आणि एक थोडा बाजूने. समोरच्या फोटोवरून नाकाची उंची कळत नाही. जुनी मासिकं, दिवाळी अंक, ध्वनिमुद्रिकांची वेष्टनं, संगीत संमेलनांच्या स्मरणिका यांत शोधा. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, तिथे जुने अंक चाळायला अख्खा दिवस काढून जा. छापील फोटो भिंगाखाली बघितला की ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांच्या पलीकडचं नाक-ओठ आपल्या मनाने भरू नका, दुसऱ्या फोटोत ताडून बघा.

फोटोवरून चित्र काढणं म्हणजे त्या फोटोचा वापर करणंच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा हक्क तो प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं टिकतो. त्याआतला असेल तर ज्याच्याकडे हक्क आहे त्याची लेखी परवानगी घ्या. जुना असला तरी घरच्यांना पत्र लिहा. परवानगीबरोबर आठवणीही येतात, आणि त्या फोटोत नसतात.

एक गोष्ट इथेच तपासा: फोटोत उजेड कुठून येतोय? नाकाची सावली डावीकडे पडली असेल तर उजेड उजवीकडचा आहे. मघाच्या गाणाऱ्या मुलीला बसवताना खिडकी त्याच बाजूला ठेवा. चेहरा एका उजेडात आणि शरीर दुसऱ्यात, असं झालं की डोकं वरून आणून चिकटवल्यासारखं दिसतं. लोकांना चूक सांगता येत नाही, पण खटकतं.

४. भिंत

गोव्यात मोठ्या चित्राचं खरं काम इथे आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या ओसरीवर मी मार्चमध्ये एक मोठा चेहरा रंगवला. भिंत हाताला कोरडी लागली होती. दुसऱ्या वर्षीच्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गेले तर हनुवटीपासून खाली पांढरी भुकटी फुललेली. बोट लावलं की रंग पापुद्र्यासारखा सुटत होता. भिंतीच्या पलीकडे जाऊन बघितलं तेव्हा कारण कळलं. छपराच्या पन्हळीचं पाणी नेमकं त्या जागेच्या पाठीमागे पडत होतं. रंगवायच्या आधी मी पलीकडे गेलेच नव्हते.

चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र असतो. पावसात पाणी पितो, उन्हात ते बाहेर टाकतो, आणि त्या पाण्याबरोबर क्षार येऊन पृष्ठभागावर बसतात. हाच लोणा. जमिनीतली ओल पायथ्यापासून दोन-तीन फूट चढते. तेव्हा:

भिंतीच्या दोन्ही बाजू बघा. पलीकडे न्हाणी, टाकी, पन्हळ किंवा मातीचा ढीग असेल तर आधी तो बंदोबस्त करा, नाहीतर दुसरी भिंत बघा.

एक फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीला घट्ट चिकटवा. एक खाली, एक मध्ये, एक वर. दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला दव जमलं असेल तर भिंत आतून ओली आहे. ही चाचणी उन्हाळ्यात करून समाधान मानू नका. पावसाळा संपता संपता, चवथीच्या सुमारास करा. त्या दिवसांत जी भिंत पास होते तीच खरी.

तळहात जोरात घासा. हाताला पांढरं लागलं तर जुना चुना मोकळा झालाय. तो पत्र्याने खरवडून काढल्याशिवाय त्यावर काही धरणार नाही. लोणा असेल तर कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलात तर क्षार परत आत जातात आणि पुन्हा बाहेर येतात. चुन्याच्या जुन्या गिलाव्यावर सिमेंटचा थर थापायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ओल आत कोंडते आणि दुसरीकडून फुटते. भेगा आणि खड्डे मूळ गिलाव्याच्याच जातीच्या मालाने भरा आणि वाळायला निदान तीन-चार आठवडे द्या.

चित्राची खालची कड जमिनीपासून तीन फूट वर ठेवा. ओलीपासून लांब, आणि मुलांच्या पाठी टेकण्यापासूनही. समोर निदान सोळा फूट मोकळी जागा हवी, म्हणजे चित्राच्या उंचीच्या दुप्पट. तेवढी नसेल तर चित्र लहान करा.

भिंत नापास झाली तर नाद सोडा आणि बारा मिलिमीटरच्या मरीन प्लायवर रंगवा. भिंतीवर एक इंच जाडीच्या पट्ट्या ठोकून प्लाय त्यावर बसवा, मागून वारा खेळला पाहिजे. प्लायचे तक्ते आठ बाय चारचे येतात. सहा फुटांसाठी तीन आणि तीन असे कापू नका, जोड नेमका माईंच्या नाकावरून जाईल. चार आणि दोन असे कापा आणि जोड तंबोऱ्याच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत टाका. जोडावर सुती कापडाची पट्टी चिकटवून वरून पुट्टी ओढा. तक्त्याच्या कडा आणि पाठ रंगवायला विसरू नका. पाणी तिथूनच शिरतं.

माझं वेळापत्रक असं असतं: चवथीनंतर भिंतीची तपासणी आणि डागडुजी, दिवाळीनंतर प्रायमर, नाताळपर्यंत रेखाटन आणि पहिले थर, शिगम्याच्या आत वार्निश. पावसाळ्यात भिंतीला हात लावायचा नाही. त्या चार महिन्यांत कागदावरचा अभ्यास करायचा.

५. साहित्य

यात फार खोलात जायची गरज नाही. पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक प्रायमर एक लिटर, ४८ चौरस फुटांना दोन हात होतात. मोठ्या भागांसाठी बाहेरच्या भिंतीचं चांगल्या प्रतीचं इमल्शन, त्यात बुरशीला अटकाव करणारं औषध असतं. चेहरा आणि हात यांना चित्रकारांचे अ‍ॅक्रिलिक रंग: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, रेड ऑक्साइड, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन. काळा घेऊ नका. सावळ्या कातडीवर काळा मिसळला की ती काजळी धरल्यासारखी दिसते. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिळून जो गडद होतो तो पुरतो. इमल्शनमध्ये घालायचे स्वस्त लाल आणि गुलाबी स्टेनर उन्हाने उडतात. माती आणि ऑक्साइडचे रंग टिकतात, आणि गोव्याच्या बाईला तेच शोभतात.

ब्रश तीन इंची, दीड इंची, अर्धा इंची, आणि दोन लांब केसांचे बारीक. झाकणाच्या बरण्या डझनभर. पाण्याचा फवारा. परांची गवंड्याकडून बांधून घ्या, फळी दोन फुटांहून अरुंद नको. शिडीवर उभं राहून आठ फुटी चित्र काढता येत नाही, कारण लक्ष निम्मं पायाकडे राहतं.

६. चौकटी

कुर्डीचं जुनं महादेवाचं दगडी देऊळ धरणात बुडण्याआधी तिथून हलवून धरणाजवळ पुन्हा उभारलं. दगड न् दगड सुटा करून, पुन्हा आपापल्या जागी. चौकटींनी चित्र मोठं करायचं ते याच रीतीने. अख्खा चेहरा एकदम उचलायचा नाही, प्रत्येक तुकडा त्याच्या जागी नेऊन ठेवायचा.

अंतिम रेखाटन १२ इंच उंच आणि ९ इंच रुंद कागदावर करा. त्यावर पाऊण इंचाच्या चौकटी आखा. उंचीला १६, रुंदीला १२. भिंतीवर याच चौकटी सहा इंचांच्या होतात. बरोबर आठपट. उभ्या ओळींना अ, आ, इ आणि आडव्यांना आकडे द्या, कागदावर आणि भिंतीवरही.

भिंतीवर पहिली उभी रेघ ओळंब्याने घ्या आणि पहिली आडवी पाणी भरलेल्या नळीने. जुन्या घरांत छत, फरशी आणि खिडकी यांतलं काहीच काटकोनात नसतं, त्यांच्यावरून मोजू नका. बाकीच्या रेघा सूत मारून. दोरीला खडूची भुकटी लावायची, निळीची नव्हे. नीळ वरच्या रंगातून फुटून येते. चेहऱ्याच्या चौकटी पुन्हा दुभागून तीन इंचांच्या करा.

कोळशाची कांडी तीन फुटांच्या वेताच्या काठीला दोऱ्याने बांधा आणि हात लांब करून काढा. सुरुवातीला रेघ थरथरते, तासाभरात सवय होते. भिंतीला नाक लावून काढलेला गाल नेहमी सुजलेला येतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी खाली उतरा, हॉलच्या टोकाला जा, बघा, परत चढा. पाय दुखतात, पण त्याला पर्याय नाही. मोबाइलवर फोटो काढून तो उलटा करून बघितला, की एक डोळा वर गेलेला लगेच कळतो.

प्रोजेक्टरने उतरवावं का? वेळ वाचतो. पण किरण सरळ पडले नाहीत तर चेहरा वरच्या बाजूला पसरतो, आणि मुख्य म्हणजे हात नुसता गिरवतो, समजून घेत नाही. मी चौकटींनी काढते आणि शेवटी प्रोजेक्टर लावून फक्त ताडून बघते.

रेखाटन पूर्ण झालं की कोळसा फडक्याने हलका झाडून पातळ बर्न्ट सिएनाने रेघा पक्क्या करा. मग सबंध चित्र त्याच एका रंगात, पाणी घालून, फक्त सावली आणि उजेड एवढ्यावर उभं करा. याला मी चार दिवस देते. या अवस्थेत लोकांना बोलवा. आजोबा पुन्हा आले होते. या वेळी काही बोलले नाहीत. समोर सतरंजीवर बसले आणि थोड्या वेळाने मांडीवर बोटांनी ताल धरला. मग मी रंगांच्या बरण्या उघडल्या.

७. चेहरा

फोटो कृष्णधवल असतो, मग कातडीचा रंग कुठून आणायचा? जवळच्या रंगाची शेजारीण त्याच खिडकीत बसवून. फोटोतला गडदपणा आणि समोरच्या बाईतला रंग अशी सांगड घालायची. दुपारी बाराचा उजेड घेऊ नका, चार-साडेचारचा घ्या.

मधला रंग: यलो ऑकर तीन भाग, बर्न्ट सिएना एक, रेड ऑक्साइड अर्धा, पांढरा दीड-दोन, आणि ब्रशच्या टोकावर येईल एवढा अल्ट्रामरीन. हे माझं प्रमाण, तुम्ही तुमच्या डोळ्याने बदला. सावलीत पांढरा कमी, अंबर जास्त. उजेडात ऑकर आणि पांढरा. तीनही रंग एकदाच भरपूर करून बरण्यांत ठेवा. मधला निदान अर्धा लिटर. अर्ध्यावर संपला तर तोच रंग पुन्हा जमत नाही आणि गालावर ठिगळ दिसतं. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर थोडा गडद होतो. प्रत्येक मिश्रणाचा पट्टा प्रायमर लावलेल्या पुठ्ठ्यावर ओढून पंख्याखाली वाळवा, मग ठरवा.

मोठ्या पट्ट्यांनी सुरुवात करा. कपाळ, गालांचे दोन उतार, नाकाची बाजू, हनुवटीखालची सावली. दीड इंची ब्रशने, गुळगुळीत न करता. सोळा फुटांवरून ते पट्टे आपोआप मिसळतात. जवळून गुळगुळीत केलेला चेहरा लांबून मेणाचा दिसतो.

डोळ्याला एक पूर्ण दिवस ठेवा. डोळ्यातलं पांढरं कधीच पांढरं नसतं. वरच्या पापणीची सावली त्यावर पडते, म्हणून ते करडं-तपकिरी. तीन इंचांच्या डोळ्यात वरच्या पापणीची जाडी पाव इंचाची एक वेगळी पट्टी म्हणून दिसली पाहिजे. ती नसेल तर डोळा कागदातून कापल्यासारखा होतो. चमकेचा ठिपका एकच, उजेडाच्या बाजूला, तोही सगळ्यात शेवटी. गाणाऱ्या बाईची नजर समोरच्यावर खिळलेली नसते. बाहुल्या किंचित खाली किंवा किंचित आत वळवा. मी माईंची नजर तंबोऱ्याच्या दांडीच्या पुढे, जमिनीवर दोन हात अंतरावर ठेवली. ते ठिकाण शोधायला तीन वेळा बाहुली पुसली.

तोंड उघडं काढू नका. आकार लावताना ओठ जरासे विलग होतात, तेवढंच. अ‍ॅक्रिलिक डिसेंबरच्या कोरड्या वाऱ्यात पटकन वाळतो. गालाचा उतार करताना फवाऱ्याने हलकं पाणी मारत राहा.

८. हात आणि तंबोरा

इथे जाणकार लोक थांबतात आणि तपासतात. जनानी तंबोरा मर्दानीपेक्षा लहान. माईंच्या हातात पाच फुटी देऊ नका. मिरजेच्या बनावटीचा खरा तंबोरा समोर ठेवूनच काढा. तारा चार. खुंट्या चार, त्यांतल्या दोन समोर आणि एकेक दोन्ही बाजूंना. भोपळ्यावर घोडी, आणि घोडीच्या खाली तारांत ओवलेले मणी. मणी विसरणारे चित्रकार पुष्कळ.

बोटं तर बहुतेक चुकीचीच काढली जातात. तंबोरा सतारीसारखा वाजवत नाहीत आणि मूठ करून धरत नाहीत. पहिली तार मधल्या बोटाने, उरलेल्या तिन्ही तर्जनीने, बोटं तारांना जवळजवळ समांतर. अंगठा दांडीवर टेकलेला. हात इतका सैल की मनगट लोंबतंय असं वाटावं. तुमच्या गाणाऱ्या मुलीच्या हाताची वीस-पंचवीस रेखाटनं करा. मी पावसाळाभर हेच केलं.

तारा रंगवताना वरपासून खालपर्यंत पांढरी रेघ ओढू नका. तार जिथे उजेड पकडते तिथेच दिसते. बाकी ती हरवते. सूत ताणून जागा खूण करा आणि लांब केसांच्या ब्रशने तुटक ओढा. दांडीची रेघ मात्र पक्की सरळ हवी. चित्रातली ती एकच सरळ रेघ, आणि माईंची पाठ तिच्याशी किती अंशात आहे त्यावर सबंध बैठक उभी आहे.

लुगड्याबद्दल थोडंच. घड्या मोजू नका, मांडीचा आकार दाखवणाऱ्या चार-पाच मोठ्या घड्या घ्या. काठ घडीबरोबर वळला पाहिजे. रंग फोटोत नाही आणि कुणाला आठवतही नसेल तर शांत रंग घ्या आणि कामाच्या वहीत तसं लिहून ठेवा.

९. पाठीमागे काव

आपल्याकडे देवळांच्या भिंतींवर कावीची कला आहे. पांढऱ्या चुन्यावर लाल काव चढवून ती कोरून काढलेली चित्रं. पेडणे तालुक्यात मोरजीच्या मोरजाईच्या देवळात जाऊन बघा. मी माईंच्या मागे तोच लाल घेतला, सपाट, नक्षी फक्त वरच्या बाजूला एका पट्ट्यात. डोक्याच्या मागे नक्षी आली की प्रभावळ होते.

हा लाल घरी करता येतो. नुकत्याच कापलेल्या दरडीतली माती घ्या, वरची सुपीक माती नको. कुर्डीला मेमध्ये गेले तेव्हा तिथली माती आणायचा फार मोह झाला. पण धरणाच्या तळाला गाळ आणि कुजलेला पाला असतो, त्याला बुरशी लवकर धरते. मी तिथून फक्त रंगांच्या नोंदी आणल्या. दरडीची माती बादलीत कालवा, मिनिटभर थांबा, वरचं लाल पाणी दुसऱ्या बादलीत ओता, खाली बसलेली वाळू टाकून द्या. असं तीनदा. उरलेलं लाल पाणी दोन दिवस निवळू द्या, वरचं पाणी काढा, गाळ उन्हात कडकडीत वाळवा, खलात कुटा आणि मलमलीतून चाळा. अ‍ॅक्रिलिक मीडियममध्ये थोडं थोडं घोटून रंग तयार होतो. पुठ्ठ्यावर लावून वाळवा आणि ओलं बोट घासा. बोटाला लाल लागलं तर मीडियम कमी पडलंय.

पार्श्वभूमी लावताना खांद्याच्या आणि केसांच्या कडा सगळीकडे सारख्या धारदार ठेवू नका. सावलीकडची कड लाल रंगात थोडी बुडू द्या.

१०. वार्निश आणि पुढची वर्षं

शेवटच्या हातानंतर दोन आठवडे थांबा. पाण्यात मिसळणारं मॅट अ‍ॅक्रिलिक वार्निश घ्या. चकाकणाऱ्या वार्निशवर ट्यूबलाइट आणि खिडकी दिसते, माई दिसत नाहीत. डबा हलवू नका, बुडबुडे येतात. काठीने सावकाश ढवळा. रुंद ब्रशने दोन पातळ हात, पहिला आडवा, दुसरा उभा, कोरड्या दिवशी सकाळी दहाच्या पुढे. आधी कोपऱ्यात वीतभर लावून बघा. दमट हवेत ते दुधाळ होतं.

१५ जुलैला लोक हार घालणार, समई लावणार, ते थांबवू नये. पण हारासाठी चित्राच्या वरच्या कडेला भिंतीपासून तीन इंच पुढे येणारा आकडा आधीच बसवा, म्हणजे ओली फुलं रंगाला टेकत नाहीत आणि कुणी चित्रात खिळा मारत नाही. समई चित्रापासून तीन फूट लांब ठेवा. तेलाची काजळी कावीवर बसली की निघत नाही. उदबत्ती भिंतीजवळ नको. धूळ मऊ कोरड्या झाडणीने, ओल्या फडक्याने कधीच नाही.

उरलेले रंग बरण्यांत घट्ट झाकून, प्रत्येकावर ‘गाल, मधला’, ‘कपाळ, उजेड’, ‘काव’ असं लिहून वर्गाच्या कपाटात वरच्या खणात ठेवा. सोबत पुठ्ठ्यावरचे पट्टे आणि प्रमाणांची वही. जागेची देखभाल जो करतो त्याला हे सगळं उघडून दाखवा. आणि दरवर्षी चवथीनंतर पन्हळ साफ आहे ना हे बघायला भिंतीच्या पलीकडच्या बाजूला जायचं, हेही त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या.